पानावर रुमाल टाकणारे जंतू

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलीये कधी? बटाट्याच्या पानावरही अगदी हेच चालतं.

पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा पिकतो. झड लागली, हवा गार झाली, की शेतकरी पानं उलटून बघू लागतात. वरून भिजल्यासारखा काळपट डाग आणि खाली, डागाच्या कडेने, चिमूटभर पीठ भुरभुरावं तसं पांढरं काहीतरी. हा करपा. ‘उशिरा येणारा करपा’ असं त्याचं नाव. पण नावावर जाऊ नका. एकदा आला की काही दिवसांत अख्खं शेत उकडल्यासारखं काळं! १८४५ मध्ये तो आयर्लंडमध्ये शिरला. तिथले गरीब जवळजवळ बटाट्यावरच जगायचे. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी गेली.

हा उद्योग फायटोप्थोराचा. दिसतो बुरशीसारखा, पण नात्याने समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचा लांबचा भाऊबंद. म्हणून पाणी दिसलं की खूश! पानावर दवाचा पातळसा थर असला तरी त्याची पिल्लं दोन शेपट्या हलवत चक्क पोहतात. (शत्रू असला तरी हे मला फार आवडतं.)

आता रुमालवाले. बॅसिलस सबटिलिस हा मातीत, गवतात राहणारा जंतू. तो पाण्यात कालवून संध्याकाळी फवारतात, कारण कडक उन्हात असे जंतू टिकत नाहीत. तो पानावर ठाण मांडतो, पानातून पाझरणारी साखर चाटतो आणि साबणासारखं काहीतरी सोडतो. पोहणारी पिल्लं त्यात फुटतात.

ट्रायकोडर्मा तर स्वतःच बुरशी, हिरवी. दुसऱ्या बुरशीला किंवा बुरशीसारख्या जिवाला वेलासारखा विळखा घालते आणि भोक पाडून आतलं शोषते. शिवाय ती मुळांशी राहिली, तरी सावध होतात पानं! तळपायाला गुदगुल्या केल्या आणि कान टवकारले, असंच की नाही?

एकच अट, रुमाल आधी टाकायचा. गाडी भरल्यावर कसली जागा? करपा पसरल्यावर हे मित्र फारसं काही करू शकत नाहीत. आणि फवारणीचा पंप आधी खळखळून धुवायचा. कालच्या बुरशीनाशकाचे चार थेंब तळाशी राहिले, तर ट्रायकोडर्मा पानापर्यंत पोचायच्या आतच गारद!