वरंध घाटातली कोंडी आणि डिस्कचा ड्रायव्हर

हिर्डोशी सोडून महाडकडे निघालात की पुढे वरंध घाट. अरुंद वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की ‘तू मागे घे’वरून खोळंबा! स्टोरेज ड्रायव्हरमधला डेडलॉक नेमका असाच.

एक थ्रेड रिक्वेस्टच्या रांगेचं लॉक धरून कंट्रोलरचं मागतो. एरर हाताळणारा थ्रेड कंट्रोलरचं धरून रांगेचं. म्यूटेक्स असतील तर प्रोसेसर निवांत, प्रोसेस मात्र ‘डी’ स्थितीत. ‘किल’ करा, ढिम्म!

काही जण टाइमआउट वाढवतात. ती नुसती मलमपट्टी. खरा उपाय म्हणजे सगळीकडे एकच क्रम: आधी रांग, मग कंट्रोलर. एरर हँडलरची सुरुवातच कंट्रोलरपासून होत असेल, तर बिघडलेल्या रिक्वेस्ट तात्पुरत्या यादीत काढा, लॉक सोडा, मगच रांगेला हात लावा. मेख एवढीच, की मधल्या वेळात स्थिती बदललेली असू शकते. ती पुन्हा तपासायची.

लिनक्समध्ये लॉकचे असे उलटसुलट क्रम पकडायला इंगो मोल्नार यांचा ‘लॉकडेप’ आहे, २००६ च्या २.६.१८ आवृत्तीपासून. प्रत्यक्ष कोंडी व्हायची गरजच नाही. दोन्ही क्रम वेगवेगळ्या वेळी दिसले तरी तो कर्नल लॉगमध्ये बोंब ठोकतो. मशीन मंदावतं, म्हणून टेस्टिंगपुरताच चालू ठेवा.