कॅमेरा हातांवर हवा

गुलाबाची छाटणी कशी करावी हे पुस्तकात एका वाक्यात सांगता येतं: बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा निवडावा आणि त्याच्या किंचित वर तिरका काप घ्यावा. वाक्य बरोबर आहे. पण ते वाचून कात्री घेऊन झाडापुढे उभं राहिलं की हात थबकतो. डोळा म्हणजे नेमका हाच फुगवटा का? किंचित म्हणजे किती? एवढी लांब फांदी खरंच कापायची? रोपं उपटून दुसरीकडे लावताना खोडाला न धरता पानाला धरावं, हेही असंच. एकदा पाहिलं की जन्मभर लक्षात राहतं आणि नुसतं वाचलं की विसरतं. बागकामातलं पुष्कळसं ज्ञान हातात वसतं आणि एका हातातून दुसऱ्या हातात जातं. ब्रिटनमध्ये हे हस्तांतर टेलिव्हिजनने अनेक दशकं केलं. तिथल्या प्रेक्षकांना बागकामाच्या कार्यक्रमांबद्दल जी कृतज्ञता वाटते, ती फुलांच्या देखाव्यापेक्षा या शिकवणीमुळे आहे, असं माझं मत आहे.

बीबीसीवर पर्सी थ्रोअर यांचा ‘गार्डनिंग क्लब’ 1955 साली सुरू झाला. थ्रोअर हे एका बंगल्याच्या मुख्य माळ्याचे चिरंजीव. विंडसरच्या राजबागेत ते शिकले आणि पुढे श्रूझबरी शहराच्या बागांचे प्रमुख झाले. म्हणजे पडद्यावर दिसणारा माणूस निवेदक होण्याच्या कितीतरी आधीपासून माळी होता. 1967 साली ‘बीबीसी टू’वर रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि 1968 च्या जानेवारीत ‘गार्डनर्स वर्ल्ड’ आला. रंग आल्याने फुलं खुलली, हे उघडच आहे. पण शिकणाऱ्याला त्याचा आणखी मोठा उपयोग झाला. पान पिवळं पडलं आहे, शिरा मात्र हिरव्या आहेत, हा फरक कृष्णधवल चित्रात दाखवणार कसा? झाडाचं दुखणं रंगावरूनच तर ओळखायचं असतं. 1976 साली थ्रोअर यांनी बागेची रसायनं बनवणाऱ्या ‘आयसीआय’ कंपनीच्या जाहिराती करायचं मान्य केलं आणि बीबीसीने त्यांना ‘गार्डनर्स वर्ल्ड’मधून दूर केलं. इतक्या लोकप्रिय माणसाबाबत हा निर्णय कठोर होता, तरी मला तो योग्य वाटतो. औषध फवारा असं सांगणाऱ्याला ते औषध विकायचं नाही, एवढी खात्री असली तरच त्याचा सल्ला घरात येतो.

हा विश्वास जेफ हॅमिल्टन यांच्याइतका क्वचितच कोणी कमावला असेल. 1979 पासून 1996 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘गार्डनर्स वर्ल्ड’ सादर केला. त्यातली बरीच वर्षं चित्रण रटलंडमधल्या बार्न्सडेल इथे, त्यांच्या स्वतःच्या बागेत होत असे. तिथे त्यांनी सामान्य घरामागच्या जागेएवढ्या छोट्या छोट्या बागा आखल्या. महागडी वस्तू विकत न आणता ती लाकडाच्या तुकड्यांतून घरीच कशी करायची, हे ते दाखवत. सुरुवातीला तेही रसायनं वापरत. स्वतः प्रयोग करून पाहिल्यावर ते सेंद्रिय पद्धतीकडे वळले आणि पाणथळ भूमीतून खणून काढलेल्या पीटच्या वापराविरुद्धही बोलू लागले. आपलं मत बदलणारा शिक्षक प्रेक्षकाला जवळचा वाटतो. पुढे याच कार्यक्रमाचे सादरकर्ते झालेले माँटी डॉन यांच्या लाँगमेडो या बागेतल्या बॉक्स झुडपांच्या कुंपणांना बुरशीचा रोग लागला. तोही लपवला नाही, पडद्यावर दाखवला. एवढ्या जाणत्याचं झाड मरतं, तर आपलं मेलं म्हणून सगळं सोडून द्यायला नको, हा धीर त्यातून मिळतो.

यावर कोणी म्हणेल की लोकांना शिकवणी नको असते, चमत्कार हवा असतो. 1997 ते 2005 या काळात चाललेल्या ‘ग्राउंड फोर्स’चा दाखला त्यासाठी देता येईल. मालक बाहेरगावी असताना दोन दिवसांत त्याची बाग पालटून टाकायची, असा तो खेळ होता आणि त्याला प्रेक्षकही भरपूर मिळाले. त्याने कितीतरी नव्या लोकांना बागेकडे पाहायला लावलं, हे मान्य करायलाच हवं. पण फरशी, लाकडी ओटा, कारंजं दोन दिवसांत होतं. झाड होत नाही. ‘गार्डनर्स वर्ल्ड’मध्ये फेब्रुवारीत पेरलेलं बी प्रेक्षक ऑगस्टमध्ये फळलेलं पाहतो आणि शेवटी या शनिवार-रविवारी काय करायचं तेही त्याला कळतं. आणखी एक आक्षेप असा की निम्मे लोक हा कार्यक्रम नुसते विसाव्यासाठी पाहत असतील. पाहत असतीलही. पण खरं काम चालू असतं म्हणून तर तिथे मन विसावतं. आता मोबाइलवर हवी ती चित्रफीत मिळते, हेही खरं. मात्र सुट्या चित्रफितीला ऋतू नसतो. तीच बाग, तोच माणूस आणि पुढच्या आठवड्याची वाट पाहणं हे तिच्यात नाही. 2020 च्या टाळेबंदीत ‘गार्डनर्स वर्ल्ड’ने प्रेक्षकांनी आपापल्या बागांत टिपलेली चित्रणं दाखवायला सुरुवात केली, तेव्हा शिकणारेच शिकवू लागले.

सगळ्यांत वजनदार आक्षेप हवामानाचा आहे. दक्षिण इंग्लंडचा सल्ला स्कॉटलंडला लागू पडत नाही, कारण तिथे वसंत उशिरा येतो. त्यावर उत्तर म्हणून 1978 मध्ये ॲबर्डीनहून ‘बीचग्रोव्ह गार्डन’ सुरू झाला. तिथल्या मातीत, तिथल्या थंडीत काय जगतं हे तो दाखवू लागला. मग कोकणचा जांभा, विदर्भाची काळी माती आणि पुण्या-मुंबईच्या गच्चीवरची कुंडी यांना एकच सल्ला कसा चालेल? दूरदर्शनच्या ‘आमची माती, आमची माणसं’ने शेतकऱ्याला शेतातली गोष्ट मराठीत दाखवली आहे. घराभोवतीच्या चार वाफ्यांसाठी आणि खिडकीतल्या कुंड्यांसाठीही मराठी वाहिन्यांनी दर आठवड्याला अर्धा तास द्यावा. माळी खरा असावा, बाग वर्षभर तीच असावी, प्रायोजकाचं खत सल्ल्यात शिरू नये आणि कॅमेरा हातांवर असावा.