गोळी घेतलीत का, काका?

मार्च 2021 चा पहिला आठवडा. पुण्यात महापालिकेच्या एका दवाखान्याबाहेर लसीची रांग फाटक ओलांडून रस्त्यावर आलीय. रांगेत मी उभा आहे. दादा पलीकडे कठड्यावर बसलाय आणि वहिनी फाईल छातीशी धरून त्याच्या शेजारी.

दादा चोपन्न वर्षांचा. त्याच्या हृदयाचा डावा कप्पा नीट आकुंचन पावत नाही; एकोच्या रिपोर्टात इजेक्शन फ्रॅक्शन 30 टक्के लिहिलंय. अशा हृदयापाशी शिल्लक ताकद फारशी नसते. कोविडचा ताप आला की नाडी पळते, फुप्फुसं सुजली की प्राणवायू कमी पडतो आणि हा सगळा भार त्या थकलेल्या स्नायूवर येतो. म्हणून लस कुणाला आधी हवी, तर अशा रुग्णांना.

1 मार्चपासून साठीच्या पुढच्या सगळ्यांना लस मिळतेय. 45 ते 59 वयातल्यांना मात्र सरकारी यादीतल्या वीस आजारांपैकी एखादा असेल तरच, तीही डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर. यादीत पहिलाच आजार हार्ट फेल्युअर. पण अट अशी, की गेल्या वर्षभरात त्यासाठी रुग्णालयात दाखल झालेलं असावं.

"डिस्चार्ज कार्ड कुठंय?" टेबलामागची मुलगी विचारते.

नाहीये. गेल्या पावसाळ्यात दादाचे पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते, रात्री तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचा. पण कोविड वॉर्डाच्या धास्तीनं घर सोडलं नाही. डॉक्टरांनी फोनवरून गोळी वाढवली, वहिनींनी मीठ तोडलं, दिवसाचं पाणी मोजून दिलं. घराघरांतून त्या वर्षी हेच चाललं होतं, आणि अट घालणाऱ्यांनी नेमकं तेच वर्ष मोजायला घेतलं, याचं मला फार वाईट वाटतं.

वहिनी फाईल उघडतात. सर्टिफिकेटवरच्या खुणेवर बोट ठेवतात. "पहिला नंबर नाही हो, तिसरा बघा. कप्प्याची क्षमता 40 टक्क्यांच्या खाली. हा एको." मुलगी वाचते, मान हलवते. लसनोंदणीच्या कोविन पोर्टलचं पान उघडायला बराच वेळ घेतं.

आत एक तरुण डॉक्टरीणबाई दादाकडे बघताबघताच विचारतात, "लघवीची गोळी घेतलीत का, काका?"

दादा जमिनीकडे बघतो. वहिनी चमकून त्याच्याकडे बघतात. त्यांनाही हे आत्ताच कळतंय. ती गोळी घेतली की दोन-तीन तास सारखं जावं लागतं. रांग किती चालेल कोण सांगणार? आणि इथल्या बाथरूमला कुलूप, हे तो काल चौकशीला आला तेव्हाच बघून गेलाय.

बाई रागावत नाहीत. वाकून त्याच्या नडगीवर अंगठा दाबतात, सोडतात. बोटाएवढा खळगा पडतो आणि तसाच राहतो. मग पाठीला स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजू ऐकतात, ऑक्सिमीटर लावतात. 96.

"छातीत पाणी नाही. लस आजच घ्यायची. आणि गोळीही आत्ता, माझ्यासमोर." दवाखान्यातल्या शिपाईमामांना हाक मारून त्या स्टाफच्या बाथरूमची किल्ली मागवतात.

सिस्टरकडे कुपी आधीच उघडलेली आहे. वर पेनानं वेळ लिहिलीय. एका कुपीत दहा डोस, उघडल्यापासून चार तासांत संपवायचे. लेबलवर सीरम, पुणे. आपल्याच गावची लस.

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे याची," मी सांगतो. ही धाकधूक जानेवारीपासूनची. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लसीच्या माहितीपत्रकात अशी औषधं घेणाऱ्यांनी ती लस टाळावी असं छापलं होतं, आणि फॉरवर्ड होत होत ते सगळ्याच लसींना चिकटलं. आमच्यापुढच्या गृहस्थांनी तर मनानंच गोळी बंद केलीय.

"बंद नका करू. त्यानं गुठळी होईल," सिस्टर दोघांनाही सांगतात. बारीक सुई दंडात जाते, अर्धा मिलिलिटर. "कापूस दाबून धरा, काका. चोळायचं नाही."

निरीक्षणाच्या खोलीत अर्धा तास बसायचं. दादा त्यात दोनदा बाथरूमला जाऊन येतो. डॉक्टरीणबाई वहिनींना समजावतात: ताप, अंगदुखी एक-दोन दिवस चालेल, त्यावर पॅरासिटामॉलच, ब्रुफेन नको, त्यानं अंगात मीठ-पाणी साठतं. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर लसीचं आहे म्हणून घरी बसू नका, लगेच फोन करा.

"बाई, ते बाथरूम रोज सकाळपासूनच उघडं ठेवता येईल का?" मी विचारतो. त्या मामांना तसं बजावतात, आणि फाटकाशी दोन बाकं टाकायलाही सांगतात.

बाहेर पडताना वहिनी रिक्षाकडे न वळता रांगेकडे जातात. सुजलेल्या पायांत सैल सपाता घातलेल्या एका बाईंपाशी थांबतात.

"लघवीची गोळी राहिली असेल तर घेऊन टाका. आत बाथरूम उघडलंय. आणि डिस्चार्ज कार्ड मागितलं तर एको दाखवा, तिसरा नंबर बघायला सांगा."