शमीवरून उतरलेले धनुष्य

विजयादशमीच्या प्रातःकाळी घरोघरी शस्त्रे उजळून पाटावर मांडली जातात. जेथे तलवार नाही तेथे विळा, करवत, लेखणी यांनाही हळदकुंकू लाभते. आमच्या शहाद्याच्या घरी या पाटावर एक बांबूचे धनुष्य असे. वडील सातपुड्यात धडगावच्या बाजूला शिक्षक होते. बदली झाली तेव्हा तेथील एका भिल्ल स्नेह्याने ते त्यांना निरोपादाखल दिले. पूजा आटोपली की धनुष्य पुन्हा चुलीवरच्या आढ्याला जाई. वडील गेले, तरी हा क्रम चुकला नाही. धनुष्याला दरवर्षी फूल मिळे. बाण मात्र मिळत नसे.

गतवर्षी नातवाला विराटपर्वातील शमीवृक्षाची कथा सांगत होतो. तो मध्येच म्हणाला, “आजोबा, अर्जुनाने झाडावरून काढलेल्या धनुष्याची नुसती पूजाच केली का?” मी निरुत्तर झालो. अज्ञातवासाचे वर्षभर दडवून ठेवलेले गांडीव अर्जुनाने उत्तराकरवी उतरवून घेतले, ते प्रत्यंचा चढविण्यासाठीच!

दिवाळीनंतर धनुष्य घेऊन आम्ही दोघे पहाड चढलो. वडिलांचे स्नेही आता हयात नव्हते. त्यांचे वृद्ध चिरंजीव भेटले. त्यांनी बांबूवरून बोटे फिरवली, उजेडात धरून चिरा पाहिल्या आणि म्हणाले, “भाऊ, बांबू अजून जिवंत आहे. दोरी तेवढी गेली.” चुलीच्या धुराने त्याला किडीपासून राखले होते. माझ्या मनावरचे ओझे उतरले. वडिलांची ठेव माझ्या हातून मोडते की काय, हीच धास्ती होती.

भिल्लांच्या धनुष्याची दोरीही बांबूचीच असते. म्हाताऱ्याने बांबूच्या पाठीची लांब पट्टी काढून ती तासली आणि टोकांना बांधली. मग धनुष्य थोडे वाकवायचे, सोडायचे, पुन्हा किंचित अधिक वाकवायचे, असा बराच वेळ गेला. “बाण लावल्यावाचून ओढलेली दोरी सोडू नका,” त्यांनी बजावले. बाणात जायचे बळ मग धनुष्यातच राहते आणि ते त्यालाच फोडते.

वीस पावलांवर गवताची पेंढी ठेवली. पहिला बाण मुठीवरून घसरून पायाशी पडला. दुसरा पेंढीवरून गेला आणि दोरीचा फटकारा मनगटावर बसला. “बाणाकडे बघू नका, गवताकडे बघा.” तिसऱ्या वेळी खांदा आपोआप सैल झाला, श्वास स्थिरावला, बोटे कधी सुटली ते कळलेच नाही. पेंढीतून ‘थप्प’ असा आवाज आला. नातू नाचू लागला, आणि साठी उलटलेला मीही लहान मुलासारखा हसलो. नेम साधण्यास येथे काच नाही, कप्पी नाही. डोळा आणि हात यांचे जुने सख्य तेवढे असते. तोच त्यातला आनंद.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आणि धनुष्याचे जुने काम संपले. पण विद्या संपली नाही. राजस्थानातील आदिवासी युवक लिंबाराम अशाच बांबूच्या धनुष्यावर हात बसवून १९८८च्या सेऊल ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी सुवर्णपदके मिळविली. त्यांची धनुष्ये नव्या यंत्रयुगातली. श्वास मात्र तोच धरावा लागतो.

आज पाटावर धनुष्य मांडले आहे, दोरी उतरवलेली; कारण सतत ताणलेला बांबू थकतो. सायंकाळी आपट्याची पाने वाटून झाली की अंगणाच्या टोकाला पेंढी उभी राहील. पहिला बाण नातवाचा. वडिलांच्या धनुष्याची पूजा यंदा तेव्हाच पुरी होईल.