पत्रातून होणारी रुग्णतपासणी

सन १७८४ च्या आरंभी लंडनमध्ये चौऱ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ दम्याने आणि अंगावरील सुजेने त्रस्त होऊन अनेक आठवडे घरातच अडकून पडले होते. हे गृहस्थ म्हणजे इंग्रजी शब्दकोशाचे विख्यात कर्ते डॉ. सॅम्युएल जॉन्सन. लंडनचे नामांकित वैद्य त्यांच्या उशाशी होते. तरीही त्यांनी एडिंबरो येथील आपला स्नेही जेम्स बॉझवेल यास पत्र लिहून, तेथील वैद्यांचे मत विचारावे अशी विनंती केली. बॉझवेलने मार्च महिन्यात तेथील तीन प्रमुख वैद्यांना पत्रे पाठवली. त्या तिघांपैकी कोणीही रुग्णाची नाडी पाहणार नव्हता. तरी त्यांनी आस्थेने उत्तरे दिली. या तिघांत डॉ. विल्यम कलन हे एक होते.

आज हा प्रकार विचित्र वाटेल. त्या काळी मात्र ती रूढ पद्धती होती. कलन हे एडिंबरो विद्यापीठातील वैद्यकाचे प्राध्यापक. दूरदूरच्या गावांहून, इतकेच नव्हे तर समुद्रापलीकडूनही, जुनाट दुखण्यांची पत्रे त्यांच्याकडे येत. कधी रुग्ण स्वतः लिही, कधी त्याचा नातलग, तर कधी गावातील शस्त्रवैद्य वा औषधविक्रेता. आलेली पत्रे आणि दिलेली उत्तरे कलन जपून ठेवीत. त्यांपैकी पाच हजारांहून अधिक पत्रे एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आजही सुरक्षित आहेत. उत्तरांच्या प्रती आरंभी लेखनिक हाताने उतरवीत. पुढे वाफेच्या यंत्राच्या सुधारणेसाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉट यांनी नक्कल काढण्याचा दाबयंत्रप्रकार शोधला आणि १७८० मध्ये त्याचे एकस्व मिळवले. ओलसर केलेला पातळ कागद शाईच्या पत्रावर दाबला की अक्षरे त्यावर उलटी उमटत आणि कागदाच्या मागील बाजूने ती सुलटी वाचता येत. कलन यांनी हे यंत्र लगेच वापरात आणले. त्यामुळे त्याच रुग्णाचे दुसरे पत्र आले की पूर्वी काय सांगितले होते ते पाहता येई.

प्रत्यक्ष न पाहता सल्ला कसा देता येई, असा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर त्या काळच्या वैद्यकात आहे. छाती तपासण्याची नळी १८१६ मध्ये आली. रक्ततपासणी व क्ष-किरण तर फारच पुढचे. समोर बसलेल्या रुग्णाचीही नाडी आणि जीभ पाहिली की उरे ती त्याची हकीकतच. तीच हकीकत कागदावर नीट उतरली, तर वैद्याचे बरेचसे काम होत असे.

परंतु हकीकत नीट लिहिणे सोपे नव्हते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील वैद्य तिसो यांच्याकडेही अशी पत्रे मोठ्या संख्येने येत. त्यांनी १७६१ मध्ये सामान्य जनतेसाठी आरोग्यविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. पत्राने सल्ला मागणाऱ्याने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, याची यादीच त्यांनी त्यात दिली. वय काय, पूर्वी प्रकृती कशी होती, राहणी कशी आहे, दुखणे कधी व कसे सुरू झाले, झोप कशी लागते, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. स्त्रिया व मुले यांच्यासाठी वेगळे. ही उत्तरे देताना रुग्णाला स्वतःच्या खाण्यापिण्याचा आणि सवयींचा प्रामाणिक हिशेब मांडावा लागे. ब्रिटनमध्ये टपालखर्चही अंतरानुसार आणि कागदांच्या संख्येनुसार वाढत असे. त्यामुळे काय लिहावे आणि काय गाळावे, याचा विचार अटळ होता.

वैद्यांची उत्तरेही केवळ औषधांची यादी नसत. कलन यांच्या पत्रांत आहार, घोड्यावरून फेरफटका, थंडीपासून बचाव आणि अंगावर लोकरी वस्त्र यांविषयी सविस्तर सूचना आढळतात.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. पत्र पोहोचून उत्तर येईपर्यंत प्रकृती पालटत असे. संकोचाने लपवलेली गोष्ट वैद्याला कळण्याचा मार्ग नव्हता. तीव्र ज्वरात तर टपालाची वाट पाहणे निरर्थकच. म्हणून पत्रांत बहुधा रेंगाळणारी दुखणीच दिसतात. डॉ. जॉन्सन यांना मधल्या काळात बराच उतार पडला. पण तो टिकला नाही. १३ डिसेंबर १७८४ रोजी त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांची फुप्फुसे हवेने फुगलेली आढळली. ही गोष्ट दूरच्या वैद्यांना दिसली नव्हती, तशी उशाशी बसलेल्यांनाही दिसणे शक्य नव्हते.

कलन यांचा आपल्याकडील घरांशी एक अप्रत्यक्ष संबंध आहे. त्यांच्या औषधिविषयक ग्रंथाचे जर्मन भाषांतर १७९० मध्ये सॅम्युएल हानेमान यांनी केले. ते करताना सिंकोनाविषयी कलन यांनी केलेली मीमांसा त्यांना पटली नाही. त्यांनी ते औषध स्वतः घेऊन पाहिले आणि त्यातून होमिओपॅथीचा उगम झाला. रुग्णाला मध्येच न तोडता त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे, असा दंडक हानेमान यांनी पुढे घातला. होमिओपॅथीच्या दवाखान्यातील लांबलचक प्रश्नांचे मूळ त्यात आहे.

आज तपासणीची साधने विपुल आहेत. पण डॉक्टरांसमोर मिळणारा वेळ मोजका असतो. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली हे आठवते, हा अनेक वयस्कांचा अनुभव आहे. म्हणून जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: त्रास केव्हा सुरू झाला, कशाने वाढतो, कशाने कमी होतो आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत. लाजिरवाणी वाटणारी बाब आधी लिहावी, कारण तीच सांगायची राहून जाते. पत्राने तपासणी होण्याचा काळ गेला, तो जाणे योग्यच होते. मात्र दुखणे शांतपणे न्याहाळून खरेपणाने सांगण्याची जी सवय त्या पत्रांनी रुग्णांना लावली, ती आजच्या रुग्णालाही तितकीच उपयोगाची आहे.