अश्म-अशनींचे संकलन

अश्म-अशनींचे संकलन : अवकाशातून येऊन वातावरणात पूर्णपणे जळून न जाता भूपृष्ठापर्यंत पोहोचलेले पाषाणमय पिंड शोधणे, त्यांची नोंद करणे व ते अभ्यासासाठी जतन करणे, या कार्यास ही संज्ञा देता येईल. पडताना पाहिलेल्या अशनींपैकी सु. ९४ टक्के अशनी अश्म प्रकारचे असतात. उरलेले लोह किंवा अश्म-लोह प्रकारचे असतात. अश्म-अशनींचे कोंड्राइट व अकोंड्राइट असे दोन मुख्य वर्ग करतात. बहुतेक कोंड्राइटांत सिलिकेटी खनिजांच्या बारीक गोलिका असतात व त्यांतील द्रव्य सु. ४५६ कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे सूर्यकुलाच्या जन्मकाळचे असते. अकोंड्राइट हे लघुग्रह, मंगळ किंवा चंद्र यांच्यावरील वितळून घट्ट झालेल्या खडकांचे तुकडे होत. ते संख्येने थोडे व म्हणून दुर्मिळ समजले जातात.

इतिहास : आकाशातून दगड पडतात, हे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य नव्हते. १७९४ मध्ये एर्न्स्ट क्लाडनी यांनी या दगडांचे मूळ पृथ्वीबाहेर असल्याचे प्रतिपादन केले. १९ डिसेंबर १७९८ रोजी बनारसजवळ पडलेल्या दगडांचे नमुने इंग्लंडला पोहोचले आणि एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये केलेल्या रासायनिक विश्लेषणात निरनिराळ्या ठिकाणी पडलेल्या अशा दगडांच्या घटनेतील साम्य व त्यांच्या लोहातील निकेल दिसून आले. अशा रीतीने भारतात वेळीच गोळा केलेल्या नमुन्यांचा या शास्त्राच्या पायाभरणीस हातभार लागला. बिहारमधील शेरगोटी येथे १८६५ मध्ये पडलेल्या अशनीवरून मंगळावरील अशनींच्या एका गटास ‘शेरगोटाइट’ हे नाव पडले. मध्य प्रदेशातील सेमरकोना (१९४०) हा अत्यंत अल्प बदल झालेल्या कोंड्राइटांत गणला जातो. राजस्थानातील मुकुंदपुरा (२०१७) हा कार्बनयुक्त कोंड्राइट आणि गुजरातमधील दियोदर (२०२२) हा ऑब्राइट ही अलीकडील दुर्मिळ उदाहरणे होत.

महाराष्ट्रातील अशनी : धुळे (१८७७), सातारा जिल्ह्यातील कळंबी (१८७९) व अकोला जिल्ह्यातील अंदुरा (१९३९) येथील अशनी कोंड्राइट वर्गातील आहेत. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल व त्याच्या परिसरात मोठा आवाज होऊन अनेक तुकडे पडले. ते तत्काळ गोळा झाल्यामुळे त्यांचा सखोल अभ्यास होऊ शकला. काटोलच्या दगडात लोहयुक्त ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले; या संशोधनात खरगपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा प्रमुख सहभाग होता. हे खनिज पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात विपुल असले, तरी तेथून त्याचा नमुना मिळविता येत नाही. यावरून एका लहानशा दगडाचे मोल ध्यानात येते.

कोकणातील अडचणी : सिंधुदुर्गसारख्या किनारी जिल्ह्यात अश्म-अशनी टिकणे व सापडणे दोन्ही कठीण असते. येथे वर्षाकाठी सु. ३,००० मिमी. किंवा अधिक पाऊस पडतो. दमट व खाऱ्या हवेत अशनीतील निकेल-लोहाचे कण गंजून दगड भुसभुशीत व तांबूस होतो आणि सभोवारच्या जांभ्यापासून तो वेगळा ओळखता येत नाही. दाट झाडी, भातखाचरांतील चिखल व समुद्र यांमुळेही अनेक पिंड कायमचे नाहीसे होण्याचा संभव असतो. याउलट अंटार्क्टिकातील हिमक्षेत्रांत (१९६९ पासून) व सहारा आणि ओमानच्या वाळवंटांत हजारो अशनी मिळाले आहेत. कारण तेथे झीज मंद होते व काळा दगड उजळ पृष्ठभागावर चटकन नजरेस येतो.

कोकणात भ्रम होण्यास कारणेही पुष्कळ आहेत. रेडी येथील लोहखनिजाचे जड गोटे, जांभ्यातील लोहयुक्त गाठी, काळा बेसाल्ट व भट्टीतील मळी यांना लोक अशनी समजतात. खऱ्या अश्म-अशनीवर साधारणतः १ मिमी.पेक्षा पातळ, काळे संगलित कवच असते; आतील भाग बहुधा करडा असतो व त्यात धातूचे चकाकते कण दिसतात. मळीत किंवा बेसाल्टात असतात तशी पोकळ छिद्रे त्यात सहसा नसतात. झिलई नसलेल्या फरशीवर घासल्यास हेमॅटाइटाचा लाल कस उमटतो. ताज्या अशनीचा तसा उमटत नाही.

संकलनाची पद्धती : अग्निगोल दिसल्यास वेळ, दिशा, उंची आणि प्रकाश व आवाज यांतील अंतर लिहून ठेवावे. अनेक ठिकाणच्या नोंदींवरून मार्ग निश्चित करता येतो. तुकडे सामान्यतः लांबट वर्तुळाकार क्षेत्रात विखुरतात व जड तुकडे मार्गाच्या पुढील टोकाकडे पडतात. पिंड उचलण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, जागा व खड्ड्याची खोली नोंदवावी. तो उघड्या हाताने हाताळू नये, धुऊ नये, फोडू नये. स्वच्छ ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून कोरडा ठेवावा. लोहचुंबक लावून परीक्षा करण्याची जुनी रीत आता त्याज्य मानतात, कारण तिने दगडातील मूळचे चुंबकत्व पुसले जाते. शेंदूर किंवा तेल लावल्यानेही नमुना दूषित होतो.

त्वरेस विशेष महत्त्व आहे. विश्वकिरणांमुळे अशनीत निर्माण झालेल्या काही किरणोत्सर्गी समस्थानिकांचे अर्धायुकाल अल्प असतात, उदा., सोडियम–२४ चा सु. १५ तास, कोबाल्ट–५६ चा सु. ७७ दिवस. विलंबाने हाती आलेल्या नमुन्यात ही माहिती उरत नाही व ती पुन्हा मिळविता येत नाही.

जतन व नामकरण : भारतात अशनींच्या राष्ट्रीय संग्रहाची व्यवस्था भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था पाहते; अहमदाबाद येथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत अशनींवर संशोधन चालते. सापडलेला पिंड शासकीय अधिकाऱ्यांमार्फत या संस्थेकडे पोहोचविणे इष्ट होय. अशनीस जवळच्या गावाचे किंवा स्थळाचे नाव देतात. नावास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे २० ग्रॅ. किंवा एकूण वस्तुमानाच्या २० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढा नमुना मान्य संस्थेत ठेवावा लागतो. दुर्मिळ अशनींना बाजारात मोठी किंमत येत असल्याने तुकडे परस्पर विकले जातात. स्थळाची नोंद नसलेल्या अशा तुकड्याचे शास्त्रीय मूल्य बरेच घटते.

[⟶ उल्का व अशनी, लघुग्रह, लोणार].