चाकाचे नट आवळताना...

मैत्रिणींनो, मुलांना क्लासला सोडणं असो की सासूबाईंना दवाखान्यात नेणं, आज आपल्यापैकी कितीतरी जणी सराईतपणे गाडी चालवतात. पण गाडी गॅरेजला नेली की, ‘त्यातलं आपल्याला काय कळतंय?’ म्हणून खुर्चीवर बसून राहतात. निदान चाकं बसवताना तरी उठून जवळ उभं राहायला हवं.

बहुतेक छोट्या गाड्यांचे पुढचे टायर लवकर झिजतात. म्हणून साधारण ८ ते १० हजार किलोमीटरनंतर पुढची चाकं मागे, मागची पुढे लावतात. एकेक चाक धरून ठेवतात ते फक्त चार-पाच नट. ते सैल राहिले तर धावत्या गाडीचं चाक निखळू शकतं. पण म्हणून जीव खाऊन आवळणंही नको. अति तिथे माती! बोल्ट ताणले जाऊन तुटू शकतात. शिवाय हायवेवर पंक्चर झालं, तर गाडीतल्या पान्ह्यानं तो नट आपल्याला हलवताही येत नाही. स्टेपनी असूनही आपण रस्त्यावर अडकतो.

मग बरोबर पद्धत कोणती? आधी सगळे नट हातानं फिरवून बसवायचे. मग पान्ह्यानं थोडे थोडे आवळायचे, तेही ओळीनं नाही, तर समोरासमोरचे. डब्याचं घट्ट झाकण एकाच बाजूनं दाबलं की दुसरी बाजू उचलते ना, तसंच हे! शेवटचं आवळणं गाडी जॅकवरून खाली घेतल्यावर, टॉर्क रेंचनं. ठरवलेला जोर लागला की हा पान्हा ‘कट्’ असा आवाज करतो. छोट्या गाड्यांसाठी हा जोर १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत मिळतो. आट्यांना तेल किंवा ग्रीस मात्र लावू देऊ नका. त्यानं नट प्रमाणाबाहेर आवळला जातो.

नंतर ८०-१०० किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा एकदा तपासून घ्या. मधेच स्टिअरिंग थरथरू लागलं किंवा चाकातून खडखड ऐकू आली, तर ‘घरी जाऊन बघू’ म्हणू नका. गाडी लगेच कडेला घ्या.

आमच्या मंडळातल्या मैत्रिणींना मी एकच सांगते. गॅरेजमध्ये बिनधास्त विचारा, “दादा, टॉर्क रेंच लावला का?” तो हसला तर हसू दे. गाडीत आपली माणसं बसणार आहेत.